अधिकाचे तेहेतीस

मागच्या अधिकमासात सासूबाईंनी जावयाचं वाण म्हणून तेहेतीस अनारसे दिले. मी ते एका बैठकीत संपवले आणि ताटातली खसखससुद्धा बोटाने टिपली. खोटं वाटत असेल तर ताट अजून घरात आहे, विचारा त्याला.

मग डॉक्टरांनी मला तीन वर्षं भाकरी, मूग आणि पालेभाजीवर ठेवलं. यंदा पुन्हा पाट मांडला. मी सत्तरीचा जावई, त्या एक्याण्णव वर्षांच्या. पहिल्याच अनारशाला घसा धरला, दुसऱ्याला कपाळाला घाम फुटला.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "जावईबापू, खरं सांगा. माझ्या हाताची चव गेली ना?"

मान डोलावून सुटलो असतो, पण त्यांनी पुन्हा कढई चढवली नसती.

"चव तीच आहे," मी म्हणालो. "जीभ माझी बिघडलीय. आताशा मला दुधीसुद्धा गोड लागतो."

त्यांनी एक अनारसा मोडून खाल्ला, मग शांतपणे आणखी चार. पदराला बोटं पुसली.

"चांगले झालेत," त्या म्हणाल्या. "पुढचा अधिक तीन वर्षांनी. तोवर होईल ना तुमची जीभ बरी?"