शनिवारची शिट्टी

या, असे जवळ सरकून बसा. कीर्तनात बुवा जरा थांबलेत, तोवर टाळ मांडीवर ठेवा. ही गोष्ट मोठ्यानं सांगवत नाही.

मुळशीत सोपानच्या हॉटेलच्या दारात त्याची लेक चंद्रकला उभी होती. ओलीचिंब. पोटऱ्यांपर्यंत चिखल. कोळवणहून, सासरहून, खिंड ओलांडून चालत आली होती. डाव्या डोळ्याखाली काळंनिळं पडलं होतं. शनिवारची सकाळ. आत रेडिओ खरखरत होता. लेकीला पाहिलं आणि सोपाननं आधी कान पिळून रेडिओ बंद केला.

क्रिकेट म्हणजे सोपानचं दुसरं दैवत. थंडीत आपला संघ ऑस्ट्रेलियात खेळायला गेला की तो काकड आरतीच्या वेळेला उठे. आधी देवापुढे निरांजन, मग रेडिओ. अर्धी मुळशी त्याच्या हॉटेलात चहाला जमे. चंद्रकला दहावीपर्यंत शिकलेली. कान देऊन इंग्रजी ऐके आणि सगळ्यांना मराठीत सांगे. सोपानला कुठला फलंदाज आवडायचा? ज्याच्या बरगडीवर चेंडू आदळतो आणि जो साधं चोळतसुद्धा नाही.

"अंगाव घ्यावं, पर क्रीज सोडू ने," तो किटलीवर चमचा आपटून म्हणे. "ह्याला म्हंत्यात खेळ."

पावसाळ्यात रेडिओवर ऑस्ट्रेलियातल्या त्याच क्रिकेटच्या मैदानांवरून तिकडचा फुटबॉल लागे. लांबट चेंडूचा, हातानं धरायचा, पायानं उडवायचा. त्या खेळाचा सोपानला मनस्वी राग. मेलबर्नची खेळपट्टी म्हणजे त्याच्या लेखी गाभारा, आणि हे दांडगे बूट घालून त्यात थयथयाट करणार!

"एका सोललेल्या नारळापायी एवढी माणसं मारामाऱ्या करत्यात," तो म्हणे.

"मग थांबा की जरा, सोपानतात्या," समोरचा ताजुद्दीन शिंपी बशीतला चहा फुरकत म्हणे. "फुटला की वाटतीलच खोबरं."

चंद्रकलेला मात्र तोच खेळ आवडे. तिनं रेडिओवाल्यांना कार्ड टाकून त्याचं चित्रांचं पुस्तक मागवलं होतं. त्यातला एक नियम तिनं बापाला कितीदा सांगितला असेल.

"आबा, लांबनं आलेला चेंडू एकाद्यानं वरच्यावर झेलला ना, की शिट्टी वाजती. मग त्याला कुणी हात लावायचा न्हाई. समद्यांनी मागं सरायचं. दम खाऊ देत्यात त्याला."

"दम खायचा आसंल तर घरी निजावं," सोपान म्हणे. "मैदानात कशाला यावं?"

मग तिचं लग्न झालं. तिची आठवण म्हणून तिची आई गोजराबाई शनिवारी तोच खेळ लावून ठेवी, आणि सोपान कुरकुरत भजी तळे.

तर त्या शनिवारी गोजराबाईनं लेकीला चुलीपाशी बसवलं, कोरडं लुगडं दिलं, चहा दिला. तो अर्धा पिऊन झाला असेल नसेल, बाहेर जीप थांबली. जावई उतरला. भिवाजी. बाकड्यांवरची गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"मामा, धाडा तिला," तो बाहेरूनच म्हणाला. "भाताची आवणी खोळंबलीया."

सोपान दारात आला. चंद्रकला उठून त्याच्या पाठीशी उभी राहिली. लहानपणी विजा कडाडल्या की उभी राहायची, तशी.

"आबा," ती हळूच म्हणाली, "मी लई लांबनं आलीया. झेला की मला. झेलल्याव कुणी हात लावीत न्हाई."

"आवं, दारातनं हलू नका," गोजराबाई म्हणाली.

सोपाननं बाकड्यांकडे पाहिलं. सगळं गाव त्याच्याकडेच बघत होतं. ताजुद्दीननं तेवढी मान खाली घातली होती.

"बाय माझी," सोपान म्हणाला, "क्रीज सोडायची न्हाई."

आणि तो दारातून बाजूला सरला.

ती रडली नाही. भांडली नाही. लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला आणि जीपमध्ये जाऊन बसली.

नवरात्राच्या आत कोळवणहून निरोप आला. स्टोव्हचा भडका उडाला, असं भिवाजीकडचे म्हणाले. पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं. सोपाननं लेकीला पाहिलं ते पांढऱ्या कापडातच.

त्या थंडीत आपला संघ पुन्हा ऑस्ट्रेलियात गेला. सवयीनं माणसं पहाटे जमली. इंग्रजी समजावून सांगणारं कोणी नव्हतं, पण इतक्या वर्षांत काही शब्द सोपानच्या कानात बसले होते. फलंदाजाच्या बरगडीवर चेंडू आदळला. तो जागचा हलला नाही. हजारो माणसांनी टाळ्या वाजवल्या. सोपान उठला आणि त्यानं रेडिओ बंद केला. पुन्हा त्या हॉटेलात क्रिकेट लागलं नाही.

पावसाळ्यातल्या शनिवारी आता तो स्वतः त्या नारळाच्या खेळाचं केंद्र शोधतो. त्यातलं एक अक्षर कळत नाही. कढई खाली उतरवतो आणि कान देऊन बसतो. तिकडे शिट्टी वाजली की उठतो, दोन्ही हात चौकटीला लावून दारात आडवा उभा राहतो. गिऱ्हाईक पावसात भिजत थांबतं. खेळ परत सुरू होईस्तोवर सोपान कुणालाही आत येऊ देत नाही. मुळशीतले लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. ताजुद्दीन तसं म्हणत नाही. तो छत्री उघडून भिजणाऱ्याच्या डोक्यावर धरतो.

आता बुवा कीर्तनाचं शेवटचं मागणं मागतील. तुम्ही हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांच्या नावांत एक नाव चंद्रकलेचं घ्या. लई लांबून आली होती ती.