अर्धं रीळ

"रोज बरोब्बर नऊलाच हिचं रीळ अर्ध्यावर कसं येतं गं?" झिना चहाच्या किटलीशी पुटपुटली. हळू आवाजात, पण ऐकू जावं इतपत मोठ्याने. "माझ्या माणसासाठी दिवसातलं एक मिनिट शांतता. तीही हिच्या घरघरीत."

लारिसाने मान वर केली नाही. तिचं मशीन फिरत होतं आणि काचेचा, केसासारखा बारीक धागा रिळावर चढत होता.

सकाळी नऊला सगळा देश थांबतो तसा हा कारखानाही थांबायचा. रेडिओवर संथ ठोके पडू लागत. लढाईत गेलेल्यांसाठी बायका हातातलं टाकून एक मिनिट उभ्या राहत. एकटी लारिसा तेवढी उठत नसे. तिच्याकडे कारण होतं, आणि खोटंही नव्हतं. रीळ मध्येच थांबवलं की ताण सुटतो, वळसे सैल पडतात. मग ड्रोन उडताना मागे धागा उलगडत जातो तो कुठेतरी गुंततो, तुटतो, आणि ड्रोन आंधळं होऊन शेतात पडतं. शत्रूला आकाशातल्या रेडिओ लहरी अडवता येतात, या धाग्यातून ड्रोनकडे जाणारे हुकूम अडवता येत नाहीत. म्हणून तर सैन्याला तो एवढा हवा होता. अशा कामापुढे कोण काय बोलणार? झिनाने किटली आपटली, तेवढंच.

झिनाला निदान नवऱ्याची कबर होती. दर रविवारी तिथे जाऊन ती त्याच्याशी भांडून यायची आणि सोमवारी जरा बरी दिसायची.

लारिसाचा नवरा ओस्ताप तोफेवर होता. तोफ त्याच्या आजोबांच्या वयाची, आणि गोळे आले तर आले. शत्रूच्या एका ड्रोनने ती हुडकून उडवली. पुढे तोफ सापडली, ओस्ताप सापडला नाही. कागदावर 'बेपत्ता' लिहून आलं. आता त्या तुकडीला नवीकोरी, ट्रकवर बसवलेली तोफ मिळाली होती. पोरांनी कौतुकाने फोटो पाठवला. लारिसाने तो बोटांनी मोठा करकरून पाहिला. सगळे हसत होते. ओस्तापच्या जागेवर कुणी दुसराच उभा होता, चांगल्या घरचा दिसत होता बिचारा. संध्याकाळी तिने बोर्श्च, बीटचं सूप, केलं. एका माणसापुरतं ते होतच नाही, मोठ्या भांड्यातच करावं लागतं, आणि मग आठवडाभर तेच.

आज मात्र तिच्यापुढे नवं मशीन होतं. ते बसवायला ल्विवहून सोलोमिया नावाची इंजिनिअर आली होती. भरभर बोलणारी, मनाने चांगली. तिला इथलं काहीच ठाऊक नव्हतं.

"हे बघा, लारिसा पेत्रिव्ना. हे लाल बटण. हवं तेव्हा थांबवा, हवं तेव्हा पुन्हा सुरू करा. ताण मशीनच धरून ठेवतं. रिळाला काही म्हणजे काही होत नाही. आता खुशाल चहा प्यायला उठायचं!"

"मी चहा पीत नाही," लारिसा म्हणाली. तिच्या हातात चहाचा कप होता.

कुणी हसलं नाही. झिनाने तोंड फिरवलं.

रेडिओवर पहिला ठोका पडला. खुर्च्या सरकल्या. लारिसाचं रीळ अर्ध्यावर होतं, धागा चढत होता. ही घाबरतेय, नवं मशीन आहे, असं सोलोमियाला वाटलं. तिने मदतीसाठी हात पुढे केला आणि लाल बटण दाबलं.

मशीन थांबलं. धागा जिथल्या तिथे, ताणलेला, चकचकीत. खरंच काही झालं नाही त्याला.

इतकी शांतता या खोलीत कधी झाली नव्हती. ठोक्यांच्या मधली रिकामी जागासुद्धा ऐकू येत होती. सगळ्या उभ्या होत्या. सोलोमियाने डोळ्यांनीच खूण केली, उठा ना.

लारिसाने कप खाली ठेवला. बाजूचा खटका सोडला, रिळावर तळवा टेकवला आणि ती ते हाताने फिरवू लागली. हळूहळू, जात्यावर बसल्यासारखी. वळसे एकावर एक वाकडेतिकडे पडू लागले.

"अहो, वाया जाईल ते!" सोलोमिया कुजबुजली.

लारिसाच्या हातून आजवर एक रीळ वाया गेलं नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. आता सगळ्या तिच्या हाताकडे बघत होत्या.

झिना जागची हलली. त्या मिनिटात कुणी हलत नसतं, बोलत तर नसतंच. ती टेबलाला वळसा घालून आली आणि तिने लारिसाच्या हातावर आपला हात ठेवला. रीळ थांबलं.

"धाग्यासाठी नव्हतंच ना हे बसून राहणं?" तिने विचारलं.

"नव्हतं."

"मग ऊठ, बाई. मी धरते तुला."

लारिसाने तिच्याकडे पाहिलं. ठोके चालूच होते.

"तो मेलाय, झिना," ती म्हणाली. "मला काय कळत नाही? पण मीही उठून उभी राहिले, तर त्याची वाट बघत बसलेलं कुणी उरणार नाही."