दहा नंबरचा पाना

काम करता करता बाबांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. रुग्णवाहिकेला तास लागणार होता, म्हणून लेकानं त्यांना गॅरेजमधल्या जुन्या गाडीत मागे निजवलं, आईला स्टिअरिंगवर बसवलं. गाडी ढिम्म. “इंजिनाचा कॉम्प्युटरच उडालाय!” म्हणत त्यानं भंगारातला बसवला. तरी ढिम्म. बाबा धड राहिलेल्या हातातल्या दहा नंबरच्या पान्यानं सीट बडवत होते. “बाबा, जरा दम धरा!” ओरडून त्यानं तिसरा कॉम्प्युटर उचलला. बडवणं थांबलं. तेव्हा त्याला त्यांचं रोजचं बोलणं आठवलं: “आधी बॅटरीची वायर बघ, मग अक्कल पाजळ.” या गाडीची बॅटरी मागच्या सीटखाली होती. बाबांना छातीशी धरून सीट उचलली. त्यांची मान कलंडली, पाना गळून पडला. त्याच पान्यानं सैल वायर आवळली. आईनं किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. “अहो, ऐकलंत का?” ती पुढूनच म्हणाली, “जमलं हो पोराला!”