मिसाईल लागेपर्यंत

मिसाईल सुटलं, पण धनराजने विमानाचं नाक वळवलं नाही. ते महेशच्या विमानावर तसंच रोखून धरलं.

कॉम्प्युटरवरच्या या हवाई लढाईत त्यांनी जुनी विमानं घेतली होती, आणि त्यांची मिसाईलंही जुनीच होती. सोडलं की काम संपलं, असं त्यांचं नव्हतं. आपलं रडार ज्याच्यावर धरलेलं, त्याच्याकडेच ती जात. मध्येच विमान वळवलं की रडारचा लॉक तुटायचा आणि मिसाईल आंधळं होऊन भलतीकडे जायचं. म्हणून ते लागेपर्यंत शत्रूच्या तोंडावर जात राहावं लागे. त्याचंही मिसाईल आपल्याकडे येत असलं, तरी.

महेशला हे कधीच जमलं नव्हतं. तो मिसाईल सोडायचा आणि पळायचा. आजही पळाला. त्याचं मिसाईल भरकटलं. धनराजचं मात्र पाठलाग करत गेलं आणि महेशच्या विमानाच्या चिंध्या झाल्या.

"भारी मारलं, मनमाडवाले भाऊ," हेडफोनमध्ये महेश म्हणाला.

धनराजने माईक बंदच ठेवला होता. 'मनमाड' हे नाव त्याने खास आजच्यासाठी घेतलं होतं. जुन्या नावाने आला असता, तर महेश खेळायलाच उतरला नसता. 'परत', एवढंच त्याने टाईप केलं. डाव्या हाताने. उजव्या हाताला आता अंगठा आणि करंगळीच उरली होती.

दोघं अंबडच्या एकाच कारखान्यात होते. धनराज पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर आणि महेश शिफ्टचा सुपरवायझर. राहायला दोघंही सिडकोत. रविवारी आपापल्या घरून हा खेळ खेळायचे. विमान उडवायला महेशला धनराजनेच शिकवलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर माल तातडीने पाठवायचा होता. प्रेसला सेन्सर होता. हात आत असला की प्रेस खाली येत नसे. त्याने जीव वाचायचा, पण काम रेंगाळायचं. आजच्या दिवस काढून ठेव, असं महेशने धनराजला सांगितलं. धनराज नको म्हणाला. मग महेशने इलेक्ट्रिशियनला बोलावून स्वतःसमोर वायर काढून घेतली. त्याच दुपारी प्रेस हातावर आला.

चौकशीत महेशने सांगितलं की धनराजनेच काम उरकायच्या घाईत सेन्सर बंद केला. इलेक्ट्रिशियन गप्प बसला. कारखान्याने सुपरवायझरचं ऐकलं. आधी बोटं गेली, मग नोकरी गेली.

पण धनराजला सगळ्यात जास्त झोंबलं ते भेटायला येणाऱ्यांचं बोलणं. पिंपळगावहून सासरे आले. हाताकडे बघून हळूच म्हणाले, लक्ष कुठं होतं, जावईबापू? त्याची बायको उज्वला सुरुवातीला प्रत्येकाला खरं काय ते सांगायची. लोक ऐकून घ्यायचे आणि जाताना पुन्हा म्हणायचे, तरी जरा जपायला हवं होतं. पुढे पुढे तिनेही सांगणं सोडलं.

उज्वला चहा ठेवायला आली तेव्हा तिला पडद्यावर महेशचं नाव दिसलं. त्याला इथे पाडून काय मिळणार, असं तिने विचारलं. समाधान, असं धनराज म्हणाला. ती आत गेली. चहा निवत राहिला.

दुसरी लढाई सुरू झाली. दोन्ही विमानं लांबून एकमेकांवर निघाली. धनराजचा लॉक बसला. समोरूनही रडार धरलं जाईल, म्हणून तो सावध होता. तसं काही झालं नाही. त्याने मिसाईल सोडलं. आता महेश पळणार, हे त्याला ठाऊक होतं.

महेश पळाला नाही. त्याने मिसाईलही सोडलं नाही. वर नाही, खाली नाही, सरळ नाकासमोर येत राहिला.

धनराजच्या डोक्यात तिडीक गेली. हा मुद्दाम मरतोय. आपल्याला जिंकू देतोय. कारखान्यापासून सोसायटीपर्यंत सगळ्यांनी कीव करून झाली होती, आता या माणसाकडूनही कीव करून घ्यायची? त्याने दात आवळून विमान एकदम वळवलं. लॉक तुटला. मिसाईल महेशच्या बाजूने मोकळ्या आभाळात निघून गेलं.

'लढ ना. नाटकं कसली करतोस?' त्याने टाईप केलं.

हेडफोनमध्ये महेश बोलला.

"धन्या, मघाशीच ओळखलं मी तुला. इतका वेळ नाक न हलवणारा दुसरा कोण आहे?"

महेश बोलत सुटला. सेन्सर आपणच काढायला लावला, चौकशीत खोटं बोललो, नोकरी जाईल म्हणून घाबरलो, घराचे हप्ते होते, मुलगी लहान होती. तेव्हापासून जेवण जात नाही, त्या प्रेसजवळून जाताना मान वर होत नाही. बोलता बोलता तो रडला. धनराजने एकदाही त्याला थांबवलं नाही. शेवटी महेशने नाक ओढलं आणि मोठा श्वास सोडला.

"सांगून टाकलं एकदाचं. खूप हलकं वाटतंय बघ."

धनराजने माईक चालू केला. आवाज न चढवता तो म्हणाला,

"हे सगळं मला माहीतच होतं, महेश. ज्यांना माहीत नाही, त्यांना जाऊन सांग."