मर्लिनचं लॉन

हरेश्वरनं लॉनच्या फवाऱ्यांच्या टायमरचा डबा उघडून तिरका केला. आतून पावसाचं साठलेलं पाणी ओघळलं. तारा हिरव्या पडल्या होत्या.

"अंकल, हा कामातून गेला. नवा बसवावा लागेल."

घरमालक पास्कल शेजारीच उभे होते.

आगाशीच्या या घरी हरेश्वर विरारहून दर मोसमाला यायचा. पावसाआधी फवारे बंद करायचे, पाऊस सरला की नोझल धुवायचे, उन्हाळ्यात पाण्याची वेळ वाढवायची. विहिरीचं पाणी मचूळ. नोझलच्या भोकांत क्षार धरायचे, ते तो सुईनं कोरून काढायचा. यंदा त्याला यायला नाताळ उजाडला होता.

लॉन करून घेतलं होतं मर्लिननं, पास्कल आणि लूर्डसच्या एकुलत्या मुलीनं. ती डब्लिनला नर्स होती. रात्रपाळीत असली की तिथूनच, फोनवरून, इथल्या पहाटे फवारे चालू करायची. पाण्याचा आवाज आला की लूर्डस म्हणायच्या, "मर्लिननं पाणी सोडलं." म्हणजे पोर सुखरूप आहे.

गेल्या मार्चमध्ये मर्लिन तिथे अपघातात गेली. शवपेटी विमानानं आली आणि गावच्या चर्चमागे तिला मूठमाती दिली.

हरेश्वरनं लॉनकडे पाहिलं. पाऊस जाऊन किती दिवस झाले होते. गवत वाळून काडी व्हायला हवं होतं, पण ते पोपटी होतं, मुळाशी ओलं.

"टायमर मेलाय, मग पाणी कोण सोडतं?"

पास्कलनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे नजर टाकली. त्याला दंडाला धरून कुंपणापाशी नेलं.

"लूर्डस. पहाटे चर्चला जायला उठते. दार वाजतं, मग जरा वेळानं फवारे सुरू होतात. जाताजाता घरामागची मोटर लावून कॉक उघडत असेल."

"तुम्ही बघितलंत?"

"मी पडदा सरकवत नाही. तिला वाटतं, मला वाटतं की मर्लिनच सोडते. तेवढ्यावर ती उठते, जेवते. तू टायमर बसवू नकोस बाबा. आणि तिला काही बोलू नकोस."

हरेश्वरनं मेलेला टायमर काढून डबा रिकामाच मिटला, नोझल साफ केले आणि लूर्डसनी दिलेला केक खाऊन निघाला. परतीच्या बसमध्ये त्याला उगाच हुरहुर लागली होती.

एप्रिलात तो पुन्हा आला, ऊन चढायच्या आत काम उरकावं म्हणून पहाटेच. अजून अंधार होता. गेटपाशीच लूर्डस भेटल्या. पांढरा रुमाल डोक्यावर, हातात जपमाळ. चर्चमध्ये पहाटेच्या मिस्साला, प्रार्थनेला, निघाल्या होत्या.

"बरं झालं भेटलास," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नवा टायमर बसवायचा नाही हां."

"का आंटी?"

"पाणी हेच सोडतात रे. मी निघते तेव्हा गवत कोरडं असतं. चर्चमधून येते तर भिजलेलं. मग मला सांगतात, मर्लिननं पाणी सोडलं. मी पण हो म्हणते." त्यांचा आवाज ओला झाला. "मोडून पडले होते रे. आता तेवढ्यासाठी तरी पहाटे उठतात."

हरेश्वरनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"आंटी, पण तुम्हीच ना..."

"मीच काय?"

घरामागे मोटर घुमली. पाइपातून हवा फुसफुसली आणि लॉनवर एकामागून एक फवारे उठले. एक थंड तुषार गेटपर्यंत आला.

लूर्डसनी त्याचं मनगट धरलं. अंधारातही त्यांचं हसू दिसलं.

"बघ. गेले की नाही हळूच मागे?"

तेवढ्यात ओटीवरचा दिवा लागला. पुढचं दार उघडून पास्कल बाहेर आले, बनियनवर, झोपेतून नुकतेच उठलेले. गेटकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. उंबऱ्यावरच मागे वळून, घरामागे ऐकू जाईल अशा बेतानं, त्यांनी मोठ्यानं हाक दिली.

"लूर्डस, मर्लिननं पाणी सोडलं बघ!"