ॲशक्राफ्टच्या अकरा रायफली

"या रायफली कुंपणाला खांब म्हणून ठोकता येतील," ड्वेन स्टबलफील्ड म्हणाला. "पण मग कुंपणाची किंमत उतरेल."

व्हर्लीन ॲशक्राफ्टबाईंनी मान डोलावली आणि त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. गॅरेजच्या मांडणीवर अकरा रायफली ओळीनं पडल्या होत्या. प्रत्येक मेणकागदात गुंडाळलेली, आत बोटभर जाड तपकिरी ग्रीस. बाईंचे यजमान ऑरिन मार्चमध्ये गेले. त्यांच्यामागे राहिलेल्या वस्तूंत बाईंना न कळणाऱ्या या एवढ्याच.

ड्वेन तीन जिल्हे ओलांडून आला होता. सैन्यानं विकून टाकलेल्या जुन्या रायफलींचं मोल करण्यात आपला हात धरणारा ओहायोत कोणी नाही, असं तो सांगत असे. दुसऱ्या कोणी ते सांगेपर्यंत थांबायला त्याच्याकडे वेळ नव्हता. त्याची गिऱ्हाइकं बहुतेक विधवा. वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता तो खेळाच्या पानाआधी वाचायचा. आज त्याच्या खिशात तीन हजार तीनशे डॉलर होते. ते घराच्या छपरासाठी ठेवलेले होते. छप्पर दोन ठिकाणी गळत होतं आणि बायकोला त्यानं टायर बघायला जातो म्हणून सांगितलं होतं.

त्यानं एका रायफलीवरचा कागद सोडवला आणि अंगठ्यानं नळीवरचं नखाएवढं ग्रीस सरकवलं. खाली चौकटीतला शिक्का होता. फिनलंडच्या सैन्याचा. याच शिक्क्यासाठी संग्राहक वाटेल तो भाव मोजत.

ड्वेननं कॉफीत झुरळ निघाल्यासारखा चेहरा केला.

"काय झालं हो?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. वाईट वाटलं."

पुढचं ग्रीस त्यानं पुसलं नाही. जो पुसायला फडकं मागतो तो घेणार, हे समोरच्याला कळतं आणि भाव तिथेच चढतो. शिवाय पुसायची गरज काय? जगात ड्वेनला सगळ्यात तिटकारा होता तो जुन्या रायफलींच्या लाकडाला पॉलिशपेपर मारून वर व्हार्निश चोपडणाऱ्या हौशी नवऱ्यांचा. घासलं की अर्धी किंमत तिथेच झडली. इथे तर सैन्यानं साठवताना फासलेलं ग्रीससुद्धा कोणी काढलेलं नव्हतं.

"हा चिकटा बघा, बाई. काढता काढता माणूस म्हातारा होईल."

"मी आधीच झालेय," बाई म्हणाल्या. "पण मला यातलं काही समजत नाही. यादी आहे तेवढी."

त्यांनी ॲप्रनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. अकरा ओळी. प्रत्येक रायफलीचा नंबर आणि पुढे किंमत: दोनशे डॉलर.

"साहेबांनीच लिहिलीये?"

"त्याच्याच हातची. आकडे वाचून मीच म्हटलं होतं, अरे, एवढे कसे? तर म्हणाला, तू गप्प बस."

ड्वेनला खोकला आला, म्हणजे त्यानं तो आणला. या धंद्यात एक हिशेब पक्का होता. नवरा बायकोला रायफलीची जी किंमत सांगतो, तिला पाचानं गुणायचं. ड्वेन स्वतः बायकोला असंच सांगत आला होता, त्यामुळे हिशेबात चूक असणं शक्य नव्हतं. दोनशे म्हणजे हजार. अकरा हजार डॉलर मेणकागदात गुंडाळून पडले होते आणि ही म्हातारी त्याला शेंगदाण्याची बिस्किटं वाढत होती.

"हे तुमच्या यजमानांनी प्रेमानं लिहिलंय," तो म्हणाला. "बाजार प्रेमानं चालत नाही. दीडशे देतो एकेकीचे."

"यादीपेक्षा कमी?"

"लाकूड कुजकं, सुट्या भागांवरचे नंबर एकमेकांशी जुळणार नाहीत, नळ्या आतून झिजलेल्या. मी म्हणून हात लावतोय."

"मग कशाला उगाच तुम्हाला भुर्दंड?" बाई खरंच हळहळल्या. "शनिवारी चर्चच्या सेलमध्ये मांडते. गावातले पुरुष येतात, हाताळून बघतात, पुसूनबिसून."

पुसूनबिसून म्हटल्यावर ड्वेनच्या घशात बिस्किट अडकलं.

"दोनशे."

"नको हो. तुम्हाला त्या आवडल्याच नाहीयेत."

"अडीचशे! बाई, मी माणुसकीनं बोलतोय."

बाईंनी मेणकागद पुन्हा गुंडाळायला घेतला.

"तीनशे," ड्वेन म्हणाला. "अकराचे तीन हजार तीनशे. आत्ता, रोख."

छपराचे पैसे बाईंच्या ॲप्रनमध्ये गेले. ड्वेननं अकराही रायफली आपल्या पिकअपमध्ये चढवल्या, वर ताडपत्री ताणली. बाईंनी उरलेली बिस्किटं पिशवीत घालून दिली. गाडी सुरू करून गुपचूप निघून जावं, एवढी अक्कल त्याला होती. पण दुसऱ्याला मूर्ख ठरवण्यात खरी मजा तेव्हाच, जेव्हा ते त्याला सांगता येतं. त्यानं काच खाली केली.

"एक सांगू, बाई? आता व्यवहार झालाय म्हणून सांगतो. राग मानू नका. नवरे बायकोला दाखवायला जी यादी करतात ना, तिच्यात आकडे जरा कमीच लिहितात."

"मला दाखवायला? छे हो!" ॲशक्राफ्टबाई हसल्या. "नदीचं पाणी तळघरात शिरलं आणि या आठवडाभर बुडून होत्या ना, तेव्हा विमा कंपनीला दाखवायला केली होती त्यानं ती. ग्रीस तर त्याच्यानंतर त्यानंच फासलं."