पिकअपची उंची

माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज कित्येक वर्षं मेल्यासारखा यायचा. तारा बदलल्या, केबल बदलली, अँप्लिफायर नवा घेतला, तरी रडगाणं तेच. बायको म्हणायची, "असतो एकेका वाद्याचा स्वभाव. चालवून घ्या."

पुढच्या आठवड्यात तिला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी तिच्या आवडीचं गाणं मुलीला नीट वाजवून दाखवायचं, म्हणून गिटार दुरुस्तीला नेली.

कारागिराने तारांखालचे, त्यांचा आवाज पकडणारे पिकअप पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"काका, हे पार तळाला गेलेत! तारांपासून इतक्या लांब बसून त्यांना ऐकू काय येणार? आणि स्क्रूवर ओरखडे बघा. कोणीतरी सुरीच्या टोकाने फिरवलेत, तेही बऱ्याचदा."

"घरात सुरीला मी कधी हात लावला नाही," मी म्हणालो. "म्हणजे बायकोच. बाईसाहेब गुपचूप माझा आवाज बंद करत होत्या तर!"

त्याने हसू दाबत स्क्रू फिरवले, पिकअप वर घेतले, दोनदा तारा छेडून अंतर जमवलं आणि गिटार माझ्या हातात दिली.

"वाजवा आता. एकेक सूर स्वच्छ येईल."

मी तिचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. एकेक सूर खरंच स्वच्छ आला.

कारागिराने स्क्रूड्रायव्हर पुन्हा हातात घेतला.


मग हळूच म्हणाला, "काका, काकूंनी ठेवले होते तिथेच परत नेऊ का?"